भट्टीवरून उठलेली माणसं

ता. ४ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. वजन आहे तेवढंच आहे, तेव्हा तो विषय पुढच्या पत्रात काढू नकोस.

आमची हृदयरोगाची पाहणी एकदाची पुरी झाली. कुठल्या कामातल्या माणसांना हा आजार जास्त होतो ते शोधायचं, म्हणजे तपासणीचे दवाखाने आधी तिथे उघडता येतात, एवढाच तिचा मतलब. तुमच्या काचेच्या कारखान्यातही आमची माणसं येऊन गेली. निकाल ऐकून हसशील. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांपेक्षा भट्टीवर घाम गाळणाऱ्यांची हृदयं ठणठणीत निघाली. त्यामुळे पहिले दवाखाने कचेऱ्यांमध्ये काढावेत, असं मी समितीला सांगणार आहे. भावजींना म्हणावं, भट्टीने तुमचं हृदय पक्कं भाजून काढलंय, काळजी नको.

त्यांना नमस्कार. रागावायचं तर रागाव, पण लिहीत जा.

तुझा,
शंकोबा

ता. १५ जानेवारी

चि. शंकोबास अनेक उत्तम आशीर्वाद.

वजनाचा विषय काढत नाही. फक्त तुझ्या जुन्या सदऱ्यांची मापं माझ्या शिलाईच्या पेटीत आहेत, एवढं ध्यानात ठेव.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. हे आता भट्टीवर नाहीत, काही महिने झाले. फोरमनने त्यांना फाटकावर खुर्ची दिलीय. वरची जागा मिळाली असं हे सांगतात, पण तोंड उतरलेलंच असतं. तुझ्या माणसांनी त्यांना तिथेच तपासलं आणि डॉक्टरला दाखवा म्हणाले, पण हे ऐकतात कुठे. हल्ली जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची चौकशी करतात. जन्मात कुणाशी धड दोन शब्द न बोललेला माणूस; मला आपलं हसू येतं. रात्री उशाही दोन लागतात.

तुझं पत्र वाचून दाखवलं आणि ह्यांना हुरूप आला. म्हणतात, खुर्चीनेच माझी छाती जड केली, भट्टीवर होतो तोवर धडधाकट होतो. फोरमनच्या मागे लागून एक तारखेपासून परत भट्टीवर जायचं कबूल करून घेतलंय. जोडीदार लंबू काम सोडून पार गावाबाहेर राहायला गेला, त्याची जागा रिकामीच आहे. बऱ्याच दिवसांनी घरात ह्यांचं हसणं ऐकू आलं ते तुझ्यामुळे, म्हणून मुद्दाम लिहिते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई

ता. २० जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न.

तार मिळाली असेलच. हे पत्र तिचं कारण सांगायला. भावजींना भट्टीवर जाऊ देऊ नकोस. भांड, रुसून बस, माझ्या नावाने खडे फोड, पण त्यांना मोठ्या दवाखान्यात ने. जिन्यात थांबणं, दोन उशा, ही हृदय थकल्याची लक्षणं असू शकतात. आणि मला वाटतं, दम लागायला लागला म्हणूनच त्यांना खुर्ची मिळाली. फोरमनला विचार.

माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. भट्टीवर उभी होती तेवढीच माणसं आम्ही भट्टीची म्हणून मोजली. ज्यांना ती झेपेनाशी झाली ते आधीच तिथून उठले होते. काही खुर्चीवर आले, त्यांचं दुखणं मी खुर्चीच्या माथी मारलं. काही घरी गेले, ते मी मोजलेच नाहीत. भट्टी मात्र निर्दोष सुटली. समितीची बैठक पुढे ढकलायला लावली आहे.

ताई, मला भीती वाटते. लगेच कळव.

तुझा,
शंकोबा

ता. ९ फेब्रुवारी

चि. शंकोबास अ. उ. आ.

तुझा जीव आधी भांड्यात पडू दे. हे घरी आहेत आणि औषधं घेतायत, कुरकुरत का होईना.

तार वाचूनही हे हटेनात, तेव्हा मी गळ्यातली टेपही न काढता कारखाना गाठला. फोरमन खाली बघून म्हणाला, भट्टीजवळ ह्यांना भिंत धरून खाली बसताना त्याने पाहिलं होतं. घरी सांगू नका, असं ह्यांनीच विनवलं होतं. मग ह्यांना ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, भट्टीवर गेले असते तर घरी परत आलेच असते असं सांगता येत नाही. त्यावर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि तुझ्यावर अजून फुगलेत.

घरी गेलेले मोजलेच नाहीत असं तू लिहिलंस, म्हणून मी लंबूकडे जाऊन आले. दार त्याच्या बायकोने उघडलं. लंबू वारला त्याला वर्ष होत आलं. असाच दम लागायचा म्हणाली. ह्यांना सांगितलं तेव्हा हे उठून माझ्यापुढे कागद घेऊन आले. मग म्हणाले, शंकोबाला लिही, लंबूला भट्टीवरचा माणूस म्हणूनच मोज, आणि मलाही.

तुझी माणसं परत येतील तेव्हा आधी आमच्या घरी पाठव. भट्टीवरून कोण उठलं आणि आता कुठे राहतं, हे ह्यांना ठाऊक आहे.

जिन्यात हे अजून थांबतात. आता मीही त्यांच्याबरोबर थांबते, आणि शेजाऱ्यांची चौकशी मी करते.

आहे तशीच माया राहू दे.

तुझी,
ताई