कॉफीच्या डब्यातले बोल्ट

हॅन्कॉक, मिशिगन
१४ जून

प्रिय वेस,

तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते. तुझ्या जोलीनचा गुडघा कसा आहे ते कळव. इथे तलावावरून अजून बोचरा वारा येतो, तरी टोमॅटोची रोपं बाहेर लावून टाकली. पत्र टाइप केलेलं पाहून वीज कंपनीची नोटीस आली असं समजू नकोस. संगणक घरात पडून होता, तो वापरते आहे.

आता कामाचं. यंदाच्या हरणांच्या हंगामासाठी मी नवी रायफल करून घेते आहे. दुकानातली उचलून आणायची नाही, एकेक भाग माझ्या मापाने निवडून जुळवायची. आणि ती सेमी-ऑटोमॅटिक असेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. परवानगी मागत नाही.

मर्ल ट्रूडोच्या दुकानात जाऊन आले. तो बंदुका कमी दुरुस्त करतो आणि बोलतो जास्त. पहिला प्रश्न, जावयासाठी हवी का. त्याला म्हटलं, मर्ल, मला जावई नाही, नवराही नव्हता, आणि तू माझ्या वर्गात रसायनशास्त्रात दोनदा नापास झालास तेव्हाही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होतास. मग तो ताळ्यावर आला.

त्याला मोठं काडतूस हवं होतं, लांब नळी हवी होती, आणि एल्कसारखं मोठं जनावर लांबून टिपायला लागेल अशी दुर्बीण. मी सगळं खोडलं. आपल्या देवदारांच्या दाटीत शंभर पावलांपलीकडचं हरीण मी आजवर पाहिलेलं नाही. नळी आखूड आणि हलकी, कारण वजन पुढे नको. काडतूस मधल्या ताकदीचं, कारण खांद्याला धक्का कमी हवा. रिकामं काडतूस डावीकडे उडून पडलं पाहिजे, माझ्या चष्म्यावर नाही, कारण मी डाव्या खांद्यावरून नेम धरणार आहे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. मर्लने फौजी बंदुकांसारखा काळा, मागेपुढे सरकणारा दस्ता पुढे केला. तो मी हातात घेतला नाही. का, ते तुला सांगायला नको.

डाव्या खांद्यावरून का, असं विचारशील. बाबांच्या रायफलचा बोल्ट मला हल्ली जड लागतो. प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. तेल घालून बघ असं लिहू नकोस. घातलं आहे.

जोलीनला नमस्कार. तुमच्या डेरेकला म्हणावं, आत्याला फोन केल्याने बोटं झिजत नाहीत.

तुझी बहीण,
एल्मा


हॅन्कॉक
२० ऑगस्ट

प्रिय वेस,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी, त्यातल्या दोन हवामानावर. बाकीच्या चार ओळींना उत्तर देते.

तू लिहितोस, ते यंत्र आपल्या कॅम्पच्या, बाबांच्या त्या जंगलातल्या खोपीच्या, खुंटीवर टांगायचं नाही, कारण डब्याचा नियम. वेस, डब्याचा नियम तू मला शिकवतोस? संध्याकाळी जंगलातून आलं की रायफल दाराशेजारच्या खुंटीला, बोल्ट काढून कॉफीच्या डब्यात, डबा शेगडीवरच्या फळीवर, आणि मगच बिअरची पहिली बाटली उघडायची. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी. हा नियम मी पहिल्यांदा पाळला त्या वर्षी तू हरणं ओढायच्या वयाचाही नव्हतास, लाकडं आणायचास.

तू म्हणतोस, सेमी-ऑटोमॅटिकला काढून ठेवायचा बोल्टच नसतो. हे तुला कुणी सांगितलं? मर्लच्या बाकावर मी स्वतः करून पाहिलं. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, आत गोळी नाही ना ते पाहायचं, मग एक खीळ ढकलायची. रायफल मधून उघडते आणि बोल्ट हातात सरकून येतो. एका हाताने होतं. तुझ्या डब्यात तो मावेल, तुमच्यापैकी कुणाच्याही बोल्टाइतकाच.

तू बाबांचं वाक्य काढलंस, एका हरणाला एक गोळी. बरोबर आहे. या रायफलचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. ती आपणहून गोळ्यांचा पाऊस पाडत नाही. फरक एवढाच की दुसरी गोळी आपोआप जागेवर येऊन थांबते. पाचांच्या वर गोळ्या मॅगझिनमध्ये बसणार नाहीत, तसा कायदाच आहे, आणि मला पाच लागल्या तर मी घरी बसून मफलर विणेन. दुसरी गोळी तयार हवी ती जखमी हरीण अंधारात झाडीत तडफडत राहू नये म्हणून. असं हरीण बाबांनी एकदा दोन दिवस शोधलं होतं. तेव्हा ते जेवले नव्हते.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगून तू कॅम्पमध्ये सगळ्यांना हसवशील हे माहीत असूनही. जूनमध्ये मर्लने माझ्या हाताचं माप घेऊन दस्त्याची लांबी ठरवली. मी सुती ब्लाउजमध्ये होते. घरी आल्यावर लक्षात आलं की नोव्हेंबरात माझ्या अंगावर दोन स्वेटर आणि बाबांचा लोकरी चौकड्यांचा कोट असतो. तेवढ्या जाडीने दस्ता लांब पडणार. पन्नास हंगाम केलेल्या बाईने उन्हाळ्याच्या कपड्यात माप दिलं. मग गेल्या आठवड्यात, पारा नव्वद फॅरेनहाइटवर असताना, मी दोन स्वेटर, तो कोट आणि कातडी हातमोजे घालून मर्लच्या दुकानात उभी राहिले. चर्चमधल्या दोघी बायका दारातून पाहत होत्या.

मर्ल म्हणाला, “बाई, लग्नाला निघालात की उत्तर ध्रुवावर?”

मी म्हटलं, “माप घे. घाम माझा आहे.”

दस्ता बोटभर कापला. हातमोज्यातलं बोट चापाच्या कडीत शिरत नव्हतं, ती कडीही त्याने रुंदवली. मर्ल पुन्हा म्हणाला, सरकणारा काळा दस्ता घेतला असता तर कापाकापी वाचली असती. पुन्हा नको म्हटलं.

राहिली तुझी शेवटची ओळ. “बोल्ट जड लागत असेल तर बाबांची रायफल डेरेकला दे आणि तू नुसती ये, ओन्नी गेल्यापासून कॅम्पमध्ये धड कॉफी होत नाही, त्याची खुर्ची रिकामीच आहे.”

हे तू प्रेमाने लिहिलं असशील. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला. रायफल डेरेकला देते. ती त्याचीच व्हायला हवी, त्याचा हात चांगला आहे. पण हा सौदा समजू नकोस. रायफल दिली म्हणून खुंटी मिळाली असं मला नको, आणि खुर्ची तर नकोच. कॅम्प बाबांनी आपल्या तिघा भावंडांच्या नावावर केला होता, ओन्नी, मी आणि तू. आता तो दोघांचा आहे. त्यातली एक मी आहे.

एल्मा


हॅन्कॉक
६ ऑक्टोबर

प्रिय वेस,

जोलीनचा गुडघा सुधारला हे वाचून बरं वाटलं. ओक पिवळे पडले, काल पहाटे गवतावर दव गोठलं होतं.

यावेळी तू हवामान लिहिलं नाहीस. एकच प्रश्न लिहिलास. टाइप केलेली पत्रं, चार जुलैच्या सणाला मी आले नाही, फोन उचलते ती दहाव्या घंटीला, डावा खांदा, हे सगळं मोजून विचारलंस. “एल्मा, हाताला काय झालंय?”

मार्चमध्ये एका सकाळी कॉफीचा कप हातातून सुटला. मी तो पडताना पाहिला आणि बोटं मिटली नाहीत. बोलणंही थोडा वेळ नीट येईना. शेजारच्या कॅरलने गाडी काढली. मेंदूत छोटी गुठळी होती, विरघळली. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात अर्धा आला. वजन पेलतो, पण पकडत नाही. पेन धरता येत नाही, बोल्ट धरता येत नाही. डॉक्टरांनी मे महिन्यात गाडी चालवायला परवानगी दिली. शिकारीचंही मी त्यांना स्पष्ट विचारलं. डोळे तपासले, तोल तपासला. काठीच्या टेकूवर नळी ठेवून डावीकडून नेम धरता येत असेल तर जा, म्हणाले. उन्हाळाभर मर्लच्या मैदानावर जाऊन नेम धरते आहे. कागदावरची भोकं पाठवते सोबत. बशीत मावतील.

तुला का सांगितलं नाही? कारण आपल्या घरात माणूस आजारी पडला की त्याला खुर्ची मिळते. सगळे मऊ बोलतात, त्याच्या हातातलं काम काढून घेतात, आणि ते काम कधी परत येत नाही. आईचं तसंच झालं. ओन्नीचंही शेवटी तेच झालं. मला कुणाच्या मऊ आवाजाची सवय लावून घ्यायची नव्हती.

आणि आता ओन्नीचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की काळा दस्ता हातात घेतला नाही. तू सप्टेंबरातल्या पत्रात लिहिलंस, ओन्नी असता तर त्याने या जातीची बंदूक कॅम्पच्या दारात सहन केली नसती, तो व्हिएतनामच्या युद्धावरून आला तेव्हाची रात्र तुला आठवते, आणि बाबांनी डबा काढला तो त्याच्या भीतीने. तुझ्या मनात हे पन्नास वर्षं असेल असं मला वाटलं नव्हतं. तू नऊ वर्षांचा होतास, तुला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून तू जे दिसलं त्यावरून जुळवलंस.

बाबांनी डबा काढला नाही. बाबांना फक्त ओन्नीचा बोल्ट काढून ठेवायचा होता, गुपचूप, तो सॉनात वाफ घेत बसलेला असताना. ओन्नीने ते ओळखलं. लाकडांच्या ढिगामागे मला गाठून तो म्हणाला, “एल्मा, तू शिकलेली आहेस, तुझं ते ऐकतील. त्यांना सांग, माझा एकट्याचा काढू नका. काढायचे तर सगळ्यांचे काढा.”

मी आत गेले, आईचा कॉफीचा डबा रिकामा केला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबा उठले आणि सगळ्यांत आधी स्वतःचा बोल्ट त्यात टाकला. त्या आवाजावर ओन्नी आत आला आणि त्याने आपला टाकला. तू दारात लाकडं घेऊन उभा होतास.

त्यानंतर ओन्नी दर हंगामाला पहाटे रायफल घेऊन निघायचा आणि संध्याकाळी एकही गोळी न झाडता परत यायचा. त्याला कुणी विचारलं नाही. त्याची खुंटी होती, त्याचा बोल्ट डब्यात होता, बस. खुर्ची शेवटच्या दोन वर्षांतली, फुप्फुसं गेल्यावरची. तुला फक्त खुर्ची आठवते.

म्हणून डब्याचा नियम माझ्याविरुद्ध वापरू नकोस, वेस. तो नियम कुणाला बाहेर ठेवण्यासाठी केलेलाच नव्हता. काळा दस्ता मी घेतला नाही तो ओन्नीच्या आठवणीसाठी, तुझ्या नियमासाठी नाही. जे त्याला आवडलं नसतं ते मी लाकडाचं करून घेतलं. बाकीचं यंत्र आहे, माझा अर्धा हात करत नाही ते काम करतं. तू चष्मा लावतोस तेव्हा कॅम्पमध्ये कुणी मत घेत नाही.

मी चौदा नोव्हेंबरला दुपारी निघते आहे. तू हो म्हण किंवा नको.

एल्मा


हॅन्कॉक
११ नोव्हेंबर

प्रिय वेस,

अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताचं आहे. एक ओळ लिहायला बटाटे उकडतात तेवढा वेळ जातो, तरी हे पत्र टाइप करायचं नाही असं ठरवलं. वाचता आलं नाही तर जोलीनकडून वाचून घे, तिने पहिलीचे वर्ग घेतले आहेत.

तुझं कार्ड काल आलं. “वाटेवर गुडघाभर बर्फ आहे. चाकांना साखळ्या लाव. निसू आण.” एवढंच. ये लिहिलं नाहीस, येऊ नको असंही लिहिलं नाहीस. बाबांचा मुलगा शोभतोस.

साखळ्या कॅरलच्या मुलाकडून लावून घेते आहे. निसूची गोड पावाची लादी भाजून ठेवली, वेलदोडे नेहमीपेक्षा जास्त, पीठ एका हाताने मळलं म्हणून जरा घट्ट झाली आहे, बोलून दाखवू नकोस. डेरेकला द्यायची बाबांची रायफल मागच्या सीटवर कापडात गुंडाळली आहे. माझी तिच्याशेजारी.

कार्डाच्या मागे तू पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं आहेस. मी शिक्षिका होते, मुलांनी खोडलेलं मला वाचता येतं. “डबा घासून ठेवलाय.” खोडायची गरज नव्हती.

ऐक, एक अट आहे. संध्याकाळी मी आत आले की कुणी दार धरायचं नाही, रायफल माझ्या हातातून घ्यायची नाही, आणि आवाज मऊ करायचा नाही. माझा बोल्ट मी काढीन. वेळ लागेल. तेवढा वेळ बिअर उघडायची नाही. सगळ्यांत आधी तुझा टाक, बाबांनी टाकला तसा, म्हणजे मला आवाज ऐकू येईल.

शेगडीजवळची खुर्ची तशीच राहू दे. ती ओन्नीची आहे.

पंधराच्या पहाटे कॉफी तू कर. मी हरणामागे निघालेली असेन.

तुझी थोरली बहीण, दोघांपैकी एक,
एल्मा