पडद्यावर पुन्हा न दिसलेला माणूस

कोलफर्ड, पेनसिल्व्हेनिया
गुरुवार, ८ मार्च १९७९

प्रिय सिरिल,

खुशाल असशील. तुमच्या सरोवराचं बर्फ अजून फुटलेलं नसणार, म्हणजे खनिजाच्या बोटी बंद आणि तू किनाऱ्यावर, असा अंदाज बांधून लिहितोय. आठ वर्षांत माझ्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. बरोबरच केलंस. ती पत्रं नव्हती, भाषणं होती.

इकडे दोन नंबरची भट्टी बंद करणार म्हणतात. युनियनच्या सभेत परवा मी दीड तास बोललो. शेवटी म्हातारा लेस्को मागून ओरडला, "मायरन, भट्टी विझेल रे, तू कधी विझणार?"

शनिवारी थिएटरात तो लढाईचा सिनेमा लागला. तू, मी आणि नेस्टर, आपल्यासारखेच तिघे दोस्त, पोलाद कारखान्यातले, एका गल्लीतले. निम्मं गाव लोटलं होतं. मी वही घेऊनच गेलो, सिनेमाच्या चिंध्या करायच्या ठरवून. मुद्दे मिळालेही. व्हिएतनामी माणसं त्यात नुसती किंचाळतात नाहीतर गोळ्या घालतात; त्यांना आई नाही, शेत नाही, कामाची पाळी नाही. पोरांना तिकडे धाडलं कुणी, यावर चकार शब्द नाही. मी भराभर पानं भरत होतो.

पण तिघांतला लढाईवरून परत आलेला तो भट्टीवाला, सिरिल! आईनं वाढलेलं ताट उचलतो आणि दाराकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून जेवतो.  आई आपली खुर्ची उचलते आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवते. इतकं खरं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. परत आल्यावर तूही आमच्याकडे असाच जेवायचास, आणि मी तुला टेबलाशी ओढायचो.

खरं तर माझी पेन्सिल त्याच्या आधीही एकदा अडखळली होती. सुरुवातीला लढाईवर निघालेल्या पोरांचा निरोपसमारंभ आहे. एक जाडा टेबलावर चढून भाषण ठोकतो. सगळं थिएटर हसलं. लेस्कोनं मला कोपरानं ढोसलं, "बघ, तुझी नक्कल!" अर्ध्या मिनिटाचं काम. मग अडीच तासांत तो माणूस पुन्हा दिसत नाही. तिघांचं काय काय होतं ते सगळं दाखवलंय. याचं काहीच होत नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसलो, ते लिहितो.

आपल्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी नेस्टर माझ्याकडे आला होता. "मायरन, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मामानं खाट टाकून ठेवलीय. निघून जाऊ का सीमेपलीकडे? तू सांगशील तसं." मी म्हटलं, "उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी मंचावरून सांगितलं. लढाईवर जाणाऱ्यांत पहिलं नाव त्याचंच पुकारलं. टाळ्या थांबेनात. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. कानातल्या दोषामुळे मला सैन्यानं आठवडाभर आधीच नाकारलं होतं. त्या लाजेची भरपाई मी त्याच्याकडून करून घेतली.

तुम्ही दोघं एकाच तुकडीत होता; जिवंत परतलास तू एकटाच. त्यानं तुला हे सांगितलंही असेल. तू परतल्यावर मी तुलाही मंचावर बोलावलं आणि तू सभेतून उठून गेलास, गावच सोडलंस. मी त्याला अपमान समजलो. माझा!

रविवारी क्षमेचा दिवस होता. चर्चमधली ती रांग आठवते ना, प्रत्येकानं प्रत्येकापुढे वाकायचं, "क्षमा कर" म्हणायचं, समोरच्यानं "देव क्षमा करतो" म्हणायचं? नेस्टरच्या आईपुढे, पराश्काकाकूंपुढे, मी दरवर्षी ठरलेले शब्द म्हणून पुढे सरकायचो. या वेळी पाय हलेनात. म्हटलं, "काकू, नेस्टरला जायचं नव्हतं. मी पाठवला त्याला."

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मागे माणसं खोळंबलीत. गुरुवारी चर्चच्या तळघरात ये, बटाटे सोलायचेत." ठरलेलं उत्तर त्यांनी दिलं नाही.

आज सकाळी गेलो. उद्याच्या पिरोह्यांसाठी, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांसाठी, बायका बटाट्यांचे ढीग घेऊन बसल्या होत्या. सोलता सोलता सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर.

"साल जाड काढतोयस," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं, "मला का नाही बोलला तो?"

"आईचं काळीज, काकू, त्या काळात—"

"भाषण नको."

मी गप्प बसलो. सिरिल, खरंच बसलो.

मग त्याच बोलल्या. "अकरा वर्षं सगळे सांगतायत, लढाईवर वाघासारखा गेला. माझा नेस्टर उंदीर दिसला की पलंगावर चढायचा. मला वाटायला लागलं होतं, मी दुसऱ्याच कुणाला वाढवलं. आज माझा तो मला सापडला." डोळे पुसून त्यांनी सुरी पुन्हा हातात घेतली. "क्षमेचं मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या गुरुवारी ये. आणि त्या सिरिलला लिही. तिकडे नेस्टर घाबरायचा तेव्हा काय बोलायचा, ते मला त्याच्याकडून ऐकायचंय. कसंही असलं तरी ऐकेन म्हणावं."

हे माझं निमंत्रण नाही, त्यांचं आहे. मंच नाही, टाळ्या नाहीत. बोटी सुटण्याआधी आलास तर त्यांच्या घरी जा. मला नाही भेटलास तरी चालेल.

रविवारी रांगेत तू नव्हतास, म्हणून इथे विचारतो. सिरिल, मला क्षमा कर. ठरलेलं उत्तर देऊ नकोस, तुझं दे. वेळ लागू दे. नाही म्हणालास तरी ते तुझ्या अक्षरात असेल.

माझं बोलून झालं आहे.

तुझा
मायरन