आईच्या कॉफीवरचा फेस

१७ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. उत्तर पत्रानं देते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात पुन्हा पूर्ण वेळ जायला लागले. इतक्या दिवसांच्या खंडानंतरही काचा घासायचा हात सुटला नाही, असं मालक म्हणतात. आईची खोली आवरली. पलंग तेवढा तिथंच आहे, तो माझ्या एकटीच्यानं हलत नाही.

तुझी बायको थंड पेयांचं दुकान काढते आहे हे ऐकून बरं वाटलं. तिला कॉफीवरचा तो फेस हवाय ना? सांगते. हे पहिलं पान तिला दे, मागचं तुझ्यासाठी आहे.

दोन वाट्या क्रीमला एक वाटी बिनसायीचं दूध. दोन्ही फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरायचं, भांडंसुद्धा आधी फ्रीजरमध्ये ठेवायचं. कोमट झालं की फेस धरतच नाही, नुसते बुडबुडे येतात आणि बघता बघता बसतात. गोडीसाठी साखर तशीच घालू नये, थंडात ती विरघळत नाही. पाक करून, गार करून घालायचा. व्हॅनिला चालतं, पाकात संत्र्याची साल उकळली तरी छान लागतं. पण आपल्या घरी व्हायचा तो जाळलेल्या साखरेचा. कोरड्या कढईत साखर तांबडी होऊ द्यायची, धूर निघायच्या बेतात आली की बाजूला होऊन गरम पाणी ओतायचं. ती अंगावर उडते, तेव्हा तोंड लांब ठेव म्हणावं. त्यात चिमूटभर मीठ. चव किंचित कडवट यायला हवी, नाहीतर नुसतं पोरखेळाचं गोड होतं. मग बॅटरीवरच्या छोट्या फेटणीनं फेटायचं. चमच्यातून आळसावल्यासारखा सावकाश पडायला लागला की थांबायचं. हौसेनं आणखी फेटलं तर कण धरतात आणि लोण्याकडे जातं. ग्लासात बर्फ, त्यावर कॉफी, सगळ्यात शेवटी फेस. ढवळायचं नाही.

तिचं पान संपलं. आता तू वाच.

दुकानातल्या फळ्यावर लावायची ओळ तू मला पाठवलीस: ‘शेवटच्या भेटीत आई माझ्या हातून हीच कॉफी ग्लासभर प्यायली.’ सोबत तू काढलेला फोटोही लावणार म्हणतोस, ती तोंडात स्ट्रॉ धरून तुझ्याकडे बघते आहे तो. ओळ चांगली आहे. गिऱ्हाईक हळहळेल आणि आणखी एक ग्लास मागवेल. मला विचारलंस, ‘ताई, कशी वाटते?’

तो फेस मी का शिकले, हे तू कधी विचारलंस का रे? मला काय कॉफीचे चोचले होते? अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा गिळण्याचा ताबा गेला होता. पाण्यासारखं पातळ काहीही घशाऐवजी श्वासाच्या नळीत उतरायचं. पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागायचं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलून पोट भरलेली बाई, ड्युटी संपली की कॅन्टीनची थंड कॉफी हा तिचा एवढाच काय तो शौक, आणि तिच्या पुढ्यात मी चिकट पाणी धरायची. ती मान फिरवायची. गिळायला शिकवायला येणाऱ्या बाईंना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, ‘ताठ बसवून जिभेच्या टोकावर थोडासा फेस ठेवून बघा. पोट भरायचं नाही, चव तेवढी मिळेल.’ किती दूध वाया घालवलं तेव्हा कुठं तो जमला. पहिल्यांदा जिभेवर ठेवला तेव्हा आईनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर रोजची आमची तेवढीच चैन होती.

आणि मग तू आलास, पाहुण्यासारखा, एका दिवसासाठी. तुझ्यासाठी मी मोठ्या ग्लासात कॉफी केली, वर फेस घातला. आईचा फेस वेगळ्या वाटीत ठेवला. तुला सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नाही, ‘तिला पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही,’ असं दोनदा बजावलं होतं. तू मोबाइलमधून डोकं वर न काढता ‘हो गं’ म्हणालास. मी खाली औषधं आणायला गेले. परत आले तर ग्लास रिकामा आणि तुझा चेहरा फुललेला. ‘बघ, सगळी प्यायली! तू तिला नुसता फेस चाटायला लावतेस. तहानलेली आहे बिचारी.’

मी आईकडे पाहिलं. तिला ठसकासुद्धा लागला नव्हता. तो लागतच नाही कधीकधी, आवाज न करता आत उतरतं. तुला तेव्हाच खडसवायला हवं होतं, पण ती इतकी खुशीत होती की माझी जीभ रेटली नाही. संध्याकाळी तू गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप होता.

तुला मी ‘न्यूमोनिया’ एवढंच कळवलं. तू म्हणालास, ‘या वयात व्हायचंच.’ मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. ते म्हणाले, पातळ पदार्थ फुप्फुसात गेल्यानं झालंय. मग त्यांनी विचारलं, आदल्या दिवशी काय दिलं होतं? मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

ती गेल्यावर तू भेटायला आलेल्या एकेकाला तो फोटो दाखवत होतास. ‘माझ्या हातून ग्लासभर प्यायली, एरवी ताई चमच्यानं चाटवत होती.’ मावशीनं तेव्हा माझ्याकडे कसं पाहिलं! अजूनही ती फोनवर विचारते, ‘अगं, पोटभर द्यायचीस ना गं तिला?’ हो म्हणते मी. दुसरं काय म्हणू?

मी तुला हे आयुष्यभर सांगणार नव्हते. तू खुनी नाहीस, हेही मला कळतं. निष्काळजी आहेस, आणि त्या निष्काळजीपणाचं लोकांकडून कौतुक करून घेतोस, एवढंच. पण तो घोट आता तू फळ्यावर लावून विकणार आहेस. रोज कुणीतरी तो फोटो बघून ग्लास तोंडाला लावणार. हे मला सहन होणार नाही. ओळ लावू नकोस. फोटो तर नकोच नको. फेस तुझ्या बायकोनं खुशाल विकावा, त्यात काही वाईट नाही.

खरं सांगू? तुझ्यापेक्षा मला आईचा राग जास्त आहे. तिला सगळं समजत होतं. माझ्या हातात त्या दाट पाण्याचा चमचा दिसला तरी ओठ घट्ट मिटून घ्यायची, मी किती गयावया करायची. आणि तुझ्या हातून अख्खा ग्लास घेतला. तुला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही, जीव जायची वेळ आली तरी जमलं नाही.

हॉस्पिटलमध्ये तिचं बोलणं फार कमी कळायचं. एक वाक्य मात्र मला नीट कळावं म्हणून तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं. ‘त्याला सांगू नको.’ मी हो म्हणाले. मला वाटलं, आता माझ्यासाठीही काही म्हणेल. मी खुर्ची जवळ ओढून, कान तिच्या तोंडाशी नेऊन बसले होते. तिनं तुझंच नाव घेतलं.

आज तिला दिलेला शब्द मोडला. आता ते तूही जन्मभर जवळ बाळग, मी एकटीनं पुष्कळ दिवस बाळगलं.

पत्राच्या शेवटी नेहमी ‘तुझी’ लिहिते. आज हात होत नाही.

ताई