चिऊची वेगळी जागा

३ डिसेंबर

आले! सव्वा महिना शिनोलीला माहेरी काढून आज राजुरीत, आपल्या घरी. आत्यांनी – म्हणजे माझ्या सासूबाईंनी – दारातच माझ्या तान्ह्या चिऊवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला जी उचलली ती मला परत दिलीच नाही. निजवायची वेळ आली, तर काय? मोठ्या पलंगावर मध्ये चिऊ, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आत्या. तिघींवर मिळून दोन गोधड्या. चिऊच्या डोक्याखाली मोहरीची उशी. खिडक्या गच्च बंद. नवऱ्याची, गोरखची, रवानगी बाहेरच्या खोलीत!

का, तर बिबट्या. घरामागचा ऊस तुटतोय, लपायला जागा नाही, त्यामुळे तो वस्तीवर फिरायला लागलाय. “दोन बायांच्या मधी पोर आसली की त्याची काय टाप हाय!” हे आत्यांचं म्हणणं.

बिबट्याची भीती मलाही आहे. पण दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं – बाळ उताणं निजवा, वेगळ्या जागी, सपाट कडक गादीवर. जवळ उशी नको, पांघरूण नको. झोपेत मोठ्या माणसाचा हात पडला तरी श्वास कोंडतो. बिबट्या निदान दाराबाहेर आहे. हे तर अंथरुणातच! कसली झोप येते मला.

५ डिसेंबर

भांडण. मी उशी काढते, आत्या परत ठेवतात. मी काढते, त्या ठेवतात. “डोकं चपटं झालं म्हंजी मला बोल लावू नगं.” चालेल मला चपटं डोकं!

८ डिसेंबर

जिंकले!!

आत्यांनी चिऊला परत नाकापर्यंत गुंडाळून ठेवलेलं. आज आवाज चढवला नाही. म्हटलं, “आत्या, तुम्हीच जरा तोंडावरून दोन्ही गोधड्या घेऊन पडा बरं. मी सांगेपर्यंत काढायच्या नाहीत.” हसत हसत पडल्या. थोड्याच वेळात लालबुंद होऊन ताडकन उठल्या. “आगं, जीव गुदमारला माझा!”

“तुम्हाला गोधडी सारता आली. हिला येईल का?”

त्यांनी स्वतःच दोन्ही गोधड्या उचलल्या आणि अंगणात उन्हात टाकल्या. चिऊला आता नुसतं जाड झबलं आणि पायमोजे. उशीही गेली – मोहरी फोडणीला वापरू म्हणाल्या.

१२ डिसेंबर

गोरखने आळेफाट्याहून वेल्डर आणला. खिडकीला लोखंडी जाळी! आता खिडकी थोडी उघडी राहते आणि बिबट्याही आत येत नाही. शिवाय सुताराकडून चिऊसाठी छोटी खाट करून आणली – तळ सपाट, चारी बाजूंना जाळी. माझ्या पलंगाला लागूनच ठेवली. आत्या खाटेभोवती फिरून आल्या. “पोरगी हाय का टोमॅटो? क्रेटात भरलीया जणू!” हसून हसून माझे टाके दुखले.

पण चिऊ? उताणी, दोन्ही हात वर टाकून ढाराढूर! आणि मीही. या घरात माझं चालतं – हे लिहून ठेवते!

१५ डिसेंबर

शेजारच्या जानकाबाई बाळ बघायला आल्या. “आगं बया, उशी न्हाई, पांघरूण न्हाई, उघडीच टाकलीया पोर?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, “आमच्याकडं आसंच आसतंय.”

आमच्याकडं! स्वयंपाकघरात जाऊन मी एकटीच नाचले. चिऊ उठल्यावर आत्यांनी तिला चटईवर पालथी घातली आणि समोर बसून टाळ्या वाजवल्या. जागी असताना पालथं घातलं की डोकं चपटं होत नाही – हे त्या जानकाबाईंना समजावत होत्या. माझेच शब्द! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाही तर नाही.

१९ डिसेंबर

दुपारी पलंगावर आडवी पडून चिऊला पाजत होते. डोळा लागला. जाग आली तर कुशीत चिऊ नाही. बिबट्या – एवढंच सुचलं. किंचाळत उठले.

चिऊ तिच्या खाटेत, उताणी, शांत झोपलेली. खाली फरशीवर आत्या.

“वरडू नगं, उठंल ती. तुजा दंड तिच्या तोंडावर पडला व्हता. म्या काढली.”