तपकिरी, काळा, हिरवा

मास्तर,

नवा फोन घेतला. म्हणजे मुलीने घेऊन दिला, आणि त्यावर पहिलं मोठं काम तुमचंच करायचं हे मी दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं होतं. अ‍ॅम्प्लिफायरला आपण मशीन म्हणायचो, आणि तुमच्या मशीनसारखा आवाज जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला काढता येत नाही असं लोक म्हणायचे. ते ऐकताना तुम्ही मान खाली घालून हसायचात. जे तुम्ही जन्मभर दडवून बसलात ते तुमचं सर्किट मी मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर टाकणार होतो. नाशिक, ओझर, मालेगाव, पार सटाण्यापर्यंतची दुकानं त्या ग्रुपवर आहेत. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मेलेल्या माणसावर सूड उगवायची इतकी सोपी सोय आजवर निघाली नव्हती. एक बोट टेकवायचं, की तुमचं गुपित चारशे जणांच्या खिशात.

पण फोन तुमच्याच स्वभावाचा निघाला. कुठलीही वस्तू घरात आली की मी आधी ती उलटी करतो आणि स्क्रू मोजतो. मिक्सरला चार, रेडिओला तीन आणि एक लेबलाखाली लपवलेला. या फोनला एकही नाही. सर्व्हिस सेंटरवर जाऊन विचारलं, हा उघडतो कुठून. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, तो ओपन होत नाही." मी म्हटलं, कुणीतरी बंद केला ना, मग उघडतही असणार. तो म्हणाला, "गमने चिकटवलाय. तुम्ही उघडला तर वॉरंटी गेली." म्हटलं, मग मी काय फक्त वरून पुसायचा? तर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो, पण कोरड्या कपड्याने."

पुढे अंगठा. तीस-पस्तीस वर्षं सोल्डरिंग करून माझ्या अंगठ्याची कातडी चामड्यासारखी झाली आहे, तिच्यावर रेघच उरलेली नाही. फोन म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. पाच वेळा म्हणतो आणि मग रुसून बसतो. बायकोचा अंगठा पहिल्या फटक्यात चालतो. ती म्हणाली, "बघा, तुमच्या वस्तूंपैकी एक तरी माझं ऐकते." मग बॅटरी पेटवायला गेलो तर बॅटरीने विचारलं, तुम्ही कुठे आहात हे मला कळू द्याल का. उजेड पाडायला माझा पत्ता कशाला हवा? मुलीला फोन लावून विचारलं. ती ऑफिसात होती, घाईत होती. म्हणाली, "अलाऊ करा पप्पा, लागतं ते." का लागतं, म्हटलं. "अहो, लागतं. सगळेच देतात." मी फोन उलटा करून ठेवला, बॅटरी पेटवलीच नाही. कारण मास्तर, हे उत्तर मी इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकत होतो, आणि आवाज तिचा असला तरी कानात तुमचा होता.

भद्रकालीतला तुमचा गाळा. खिडकीजवळ टेबल, टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर ट्रान्झिस्टरची पुडी. तुम्ही एकेक ट्रान्झिस्टर चिमटीत धरता आणि बारीक कानशीने त्याच्यावरचा नंबर घासून टाकता. काळी भुकटी कागदावर पडते. सगळे घासून झाले की कागदाची घडी करून स्वतः जाऊन गटारात झटकता, तेवढं काम मला कधी सांगत नाही. नंबर असला की कुणीही बाजारातून तोच माल आणेल, तुमच्यासारखं मशीन बांधेल, म्हणून हे घासणं. आणि घासलेला माल बोर्डावर बसवायची वेळ आली की मान वर न करता म्हणता, "जा, चहा सांग." बारा वाजायच्या आत माझ्या चार खेपा झाल्या की चहावाला म्हणायचा, "आज नवीन मशीन बांधतायत वाटतं." त्यालासुद्धा कळायचं. नाही कळायचं ते फक्त मला, आत काय चाललंय ते.

एकदा विचारलं. मी वीस वर्षांचा, आयटीआयला नंबर न लागलेला, आणि समोर लासलगावचा मंडपवाला त्याचं मशीन न्यायला आलेला. मी म्हटलं, "मास्तर, ह्याचा नंबर काय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहून म्हणालात, "हा नंबर विचारतो. उद्या म्हणंल तिजोरीची किल्ली कुठं हाय." तो हसला. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "नंबर घेऊन काय करतो रे, लोणचं घालतो का?" मी तरीही हटलो नाही. एका रेझिस्टन्सकडे बोट दाखवून म्हटलं, बरं, हा तरी इथे कशाला? "लागतो." का लागतो? "लागतो म्हणून लावला. जा, चहा सांग." मंडपवाला मागून म्हणाला, "माझा बिनसाखरेचा." तुम्हाला शेठ म्हटलेलं चालत नसे, मास्तर म्हणायचं असा तुमचा नियम होता. अडीच वर्षं मी तुम्हाला मास्तर म्हटलं. त्या अडीच वर्षांत तुम्ही मला चहा किती वेळ उकळल्यावर उतरवायचा एवढंच शिकवलंत, आणि तेही चहावाल्याकडून.

बाकीचं मी स्वतः शिकलो. शालिमारच्या फुटपाथवर इंग्रजी पुस्तक मिळालं, शेवटची पानं नसलेलं. शेजारी शब्दकोश ठेवून एकेक वाक्य सोडवलं. आणि मग तुम्ही मला मालेगावला पाठवलंत, एक मशीन पोचवायला. टेम्पो चांदवडच्या अलीकडे पंक्चर झाला. ड्रायव्हर चाक घेऊन गेला, म्हणाला तासाभरात येतो. मागे मी आणि तुमचं मशीन. ऊन होतं, हायवेवरून ट्रक गेला की टेम्पो हलायचा. माझ्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता, तो योगायोगाने नव्हता, हे आज सांगायला हरकत नाही. वरचे चार स्क्रू, खालच्या पत्र्याचे सहा. वहीच्या दोन पानांवर मी सगळं उतरवून घेतो आहे, कुठला पाय कुठे जातो, कुठला रंग कुठे. ट्रान्झिस्टर सगळे आंधळे, घासलेले. त्यांचं पुढे पाहू. आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला, तांब्याच्या पट्ट्यांवर, वरून बघणाऱ्याला दिसणारच नाही असा एक रेझिस्टन्स डागलेला. तपकिरी, काळा, हिरवा. मेकॅनिक ते पट्टे आकड्यांसारखे वाचतो. दहा लाख ओहम, आमच्या भाषेत एक मेग.

तो एकशेवीस ओहमच्या रेझिस्टन्सला समांतर जोडलेला होता. ज्याला यातलं कळत नाही त्याच्यासाठी सांगतो, हे म्हणजे गंगापूर धरणातून तांब्याभर पाणी काढल्यासारखं आहे. मी गणित मांडलं आहे. एकशेवीसचे होतात एकशे एकोणीस पूर्णांक नऊ आठ सहा. आणि त्या एकशेवीसमध्येच पाच टक्के, म्हणजे सहा ओहमचा फरक कंपनीनेच मान्य केलेला असतो. त्या एक मेगने काहीही होत नाही. पण तुम्ही तो लपवून बसवला होता, म्हणजे सगळं त्यातच असणार, असं मला त्या टेम्पोत वाटलं. मी तो उतरवून घेतला आणि त्याच्याभोवती दोनदा गोल केला.

नोकरी सोडतो म्हणालो तेव्हा तुम्ही वर पाहिलं नाही. पुढची दीड वर्षं मी बाजारातले ट्रान्झिस्टर आणून मीटरवर मोजत, एकेक लावून, जाळून, तुमच्या आंधळ्या ट्रान्झिस्टरांचे नंबर शोधून काढले. सातच्या सात. मग माझं पहिलं मशीन इंदिरानगरच्या एका मंडळात गणपतीला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. पांढरा शर्ट, हातात पिशवी. स्पीकरसमोर उभं राहून तुम्ही पूर्ण आरती ऐकलीत, डोळे मिटून. मग मंडळाच्या अध्यक्षाला विचारलंत, "बरं वाजतंय. कुणाचं हाय?" मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभा. तो म्हणाला, यांचंच, आणि माझ्याकडे बोट केलं. तुम्ही जवळ आलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि हळूच म्हणालात, "तो तपकिरी-काळा-हिरवा लावला ना?" मी म्हटलं, लावला. आणि तुम्ही हसलात. मोठ्याने नाही. खांद्यावर दोनदा थोपटलंत, प्रसाद घेतलात आणि निघून गेलात.

ते हसणं मी तुमच्यासोबत जळू दिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अमरधामला आलो होतो, मागे उभा होतो, आणि खरं सांगायचं तर रडायला नव्हे, खात्री करायला आलो होतो. तेव्हापासून मी बांधलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणात आतून पूर्ण सर्किट चिकटवलेलं असतं, सगळे नंबर सुवाच्य अक्षरात. कुणीही उघडावं, कुणीही वाचावं. पण मशीन उघडतो कोण? म्हणून हा ग्रुप, आणि म्हणून हा फोन.

चांदवडची ती पिवळी पानं समोर ठेवून फोटो काढला. फोनने विचारल्याशिवाय तो सुंदर केला, कागद गोरापान झाला आणि पेन्सिलच्या निम्म्या रेघा पुसल्या गेल्या. मग कागद स्कॅन करणारं काहीतरी सापडलं. त्याने उजवी कड फालतू समजून कापली, नेमका पॉवर सप्लाय त्या कडेला. शेवटी पांढऱ्या कागदावर पट्टी घेऊन तीन तास बसून सगळं नव्याने काढलं. पाठवणार तेवढ्यात एका बाईचा फोन, सर तुम्हाला प्लॉट हवाय का. ती जाईपर्यंत चित्र आडवं झालं. फोन आडवा केला की चित्र उभं, मी मान वाकडी केली की ते पुन्हा आडवं. तसंच पाठवलं, तर पोचेपर्यंत इतकं पुसट झालं की एकशेवीस कुणी सातशेवीस वाचला असता. माझ्या नावावर सातशेवीस जाऊ देणार नाही मी. ते काढून टाकलं, तर फोनने चारशे जणांना सांगितलं की याने काहीतरी काढून टाकलंय. लगेच एकाचा मेसेज, काका काय होतं, फॅमिलीचं होतं का. शेवटी मुलीने सांगितलं, फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते गेलं. सोबत तुमचं पूर्ण नाव, गाळ्याचा पत्ता, आणि खाली मी लिहिलं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही.

मी फोन टेबलावर ठेवून बसलो. आधी एक अंगठा आला. मग गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ, अकरा वाजता. मग आणखी दोन अंगठे. एकाने लिहिलं, छान, जुन्या आठवणी. एकाने लिहिलं, काका, आता रेडीमेड बोर्ड मिळतात, कोण बांधत बसतं. त्याखाली कुणीतरी जुना मिक्सर विकायला काढला आणि त्यावर मात्र खूप चौकशी झाली. तुम्ही कानस घेऊन ज्यासाठी जन्म घालवलात, मी ज्यासाठी टेम्पोत चोर झालो, ते साडेअकरापर्यंत वर सरकून दिसेनासं झालं. तुमची फजिती पाहायला बसलो होतो, आणि तिथे आपण दोघेही नव्हतो.

दुपारी एक प्रश्न आला. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ग्रुपवर आहेत, फारसं बोलत नाहीत. त्यांनी ते डॉक्युमेंट उघडलं होतं, नीट वाचलं होतं. लिहिलं होतं, "नमस्कार. मांडणी उत्तम, बऱ्याच वर्षांनी हाताने काढलेलं इतकं स्वच्छ सर्किट पाहिलं. एक शंका. १२० ओहमला समांतर १ मेग कशासाठी? गणितात बसत नाही."

मी उत्तर लिहायला घेतलं. आवाजातला कोरडेपणा जातो, असं लिहिलं आणि पुसलं, कारण ते मला माहीत नाही. सवयीने लावतात, असं लिहिलं, तेही पुसलं. खरं म्हणजे दोनच शक्यता आहेत आणि दोन्ही तुमच्याबरोबर गेल्या. एक तर त्या रेझिस्टन्समध्ये असं काही आहे जे माझ्या पुस्तकाच्या फाटलेल्या पानांत होतं. नाही तर तुम्हाला माझ्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर आधीच दिसला होता, आणि तो मालेगावच्या मशीनमध्ये तुम्ही माझ्यासाठी बसवला होता, बघू हा काय करतो म्हणून. तेवढ्यात त्या गृहस्थांचाच मेसेज आला, "वीस मिनिटं तुम्ही टाइप करताय असं दिसतंय. सविस्तर असेल तर फोनवर बोलू." हे कुणाला दिसतं, हेही या फोनने मला आधी सांगितलं नव्हतं. मी घाईने सगळं पुसलं आणि एकच शब्द पाठवला. लागतो.

त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. विषय संपला.

आज टेबलावर एक मशीन तयार आहे, सिन्नरच्या भजनी मंडळाचं. खालचा पत्रा अजून लावलेला नाही. कटर शेजारी आहे. त्या एक मेगचा एक पाय कापायचा, आवाज ऐकायचा, दोन मिनिटांचं काम. हे कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर लिहिलं असतं तर त्याने कुणाला तरी सांगितलं असतं. हा कागद मी त्या चांदवडच्या पानांत ठेवून देईन. मास्तर, एकतीस वर्षांत तो न लावता मी एकही मशीन बाहेर दिलेलं नाही, आणि तो काढल्यावर कसं वाजतं हे मी एकदाही ऐकून पाहिलेलं नाही. कटर आत्ताच पुन्हा डब्यात ठेवला.