अँबेसिडरचे दोन दांडे

अण्णा, बोरी गावची अँबेसिडर आज नारायणगावला आपल्या गॅरेजात पुन्हा आली. जुने मालक गेले, आता त्यांचा मुलगा तिला जपतो. पुढून डावीकडे खाली बसली होती. उंची मी तुमच्याच पद्धतीनं लावली. जॅक काढल्या काढल्या मापायचं नाही. गाडी पुढंमागं ढकलायची, बॉनेट दाबून सोडायचं, मालकाला त्याच्या जागी बसवायचं आणि मगच मडगार्डखाली पट्टी धरायची. "जॅकवर समद्याच गाड्या ताठ दिसत्यात, बसू दी तिला," असं तुम्ही म्हणायचात आणि गिऱ्हाईक हसायचं.

याच गाडीचं काम तुम्ही केलंत तेव्हा मी काही पोर नव्हतो. आयटीआय झालं होतं, लग्न झालं होतं, आणि तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असा माझा ठाम समज होता. या गाडीला पुढं स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडा पिळून बसवलेला असतो, त्या पिळावरच गाडी उभी राहते. तुम्ही दोन्ही दांडे काढलेत, डाव्यावर खडूनं एक रेघ मारलीत, उजव्यावर दोन. "एका अंगाला पिळायची सवय आसती त्याला. बाजू बदलून उलटा पिळला की मोडतोय," हे तुम्ही मला दहादा सांगितलं होतं. तुम्ही जेवायला गेलात आणि मी हौसेनं दोन्ही दांडे रॉकेलनं धुऊन चकाचक केले. रेघा गेल्या. कुठला कुठल्या बाजूचा ते मला कळेना. मग मी खडू घेतला आणि अंदाजानं रेघा पुन्हा ओढल्या. तुम्ही आलात, रेघा बघितल्यात आणि दांडे बसवलेत.

महिन्याभरात घाटघरच्या रस्त्याला उजवा दांडा मोडला. कुणाला लागलं नाही, पण जुने मालक दुसऱ्या मिस्त्रीला दाखवून तरातरा आले आणि पाच-सहा माणसांसमोर म्हणाले, "मिस्त्री, आता दिसंना का तुमास्नी? दांडं उलटंपालटं बसवलं राव तुमी!" तुम्ही मोडका तुकडा बराच वेळ हातात धरलात. "चुकलं माजं, भाऊ. रेघ मारतानाच चुकलो आसंन." मी शेजारी पाना पुसत उभा होतो.

नंतर तुम्ही मंचरला जाऊन डोळे तपासून घेतलेत. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. तुम्हाला ते पटलं नाही. कुठल्याही गाडीच्या पुढच्या चाकांच्या कामाला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. बाकड्यावर बसून नट-बोल्ट निवडत राहिलात. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही होतात. खरं सांगायची मला आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि पुढं पुढं सगळी कामं माझ्याकडेच यायला लागली, ते मला बरंच वाटत होतं.

आज माप घेताना तो मुलगा सीटवर बसल्या बसल्या म्हणाला, "तुमच्या वडलांचा हात लई चांगला व्हता म्हणत्यात. शेवटाला डोळं गेलं, न्हाई का?" गॅरेजात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हो, वय झालं होतं."

हे सगळं खरं तर त्याला सांगायला हवं. तो अर्ध्या तासावर राहतो. तुम्हाला लिहिणं सोपं जातं, म्हणून तुम्हाला लिहितोय.