चार वेळा नाय

गडब,
२८ एप्रिल २०२५

चि. मनस्वीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

शिमग्याला आलीस नि जाताना भाविकाचं टोपडं, फोनचा चार्जर नि आजी, तिन्ही इथंच विसरून गेलीस. टोपडं धुऊन ठेवलंय. चार्जर नूतनला लागला. आजी कुणाला लागत नाय, म्हणून पडवीत पडून आहे.

हे नूतनच लिहितेय, आपल्या गावची दवाखान्याची आशाताई. बोलते तसं लिही, सुधारू नको, असं बजावलंय तिला. फोन केला असता, पण तुझा फोन सदा स्पीकरवर. रोह्याची अख्खी चाळ माझी खुशाली ऐकते.

तर खुशाली. दुपारी ताप येतो. तो चढला की डोक्यावरचा पत्रा पातळ होतो नि पलीकडे मिठागर दिसतं, पूर्वीचं, पांढरं. पाण्यात आभाळ उतरलेलं. मी त्यावरून चालते नि पाय भिजत नाय. मागच्या पंधरवड्यात असंच चालताना तुझे आजोबा बांधावर बसलेले. वारून बारा वर्षं झाली, तरी शर्ट तोच. मांडीवर वही.

"खोकला?"
"नाय."
"ताप?"
"नाय."
"वजन उतरलं?"
"नाय."
"रात्री घाम?"
"नाय."

वही मिटून म्हणाले, "मग एवढी ठणठणीत बाई इकडे कशाला आली गो?"

पेणच्या दवाखान्यात गोळ्या आणायला गेले की हेच चार प्रश्न विचारतात. मला अक्षर येत नाय, पण हा धडा पाठ. प्रश्न संपायच्या आत नाय म्हणून मोकळी. शिमग्याआधीही तेच म्हटलं. खोकला तेव्हाच होता. पण खरं बोलले असते तर लेकराला लांब ठेवा म्हणाले असते, नि तू आठ दिवसांसाठी येणार होतीस.

ती गोळी बीपीची नाय, मनू. तू शाळेत असताना आठ वाजले की आठवण करून द्यायचीस ती. एचआयव्हीची आहे. दुखणं आजोबांकडून आलं. ते दम्याने गेले नाय, त्या दुखण्यावर टीबी होऊन गेले. मला गोळ्या वेळेत मिळाल्या, मी उरले.

नूतन थांबलीय. लिही गो.

दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन चारही वेळा व्हय म्हटलं. थुंकी तपासली, टीबी निघाला. औषध चालू होऊन दहा दिवस झाले. त्याने लघवी झेंडूसारखी केशरी होते. दहा दिवस हे पत्र तोंडात घोळवतेय.

पहिलं दुखणं मांडीवर घेतल्याने लागत नाय, ते मनातून काढ. दुसरं श्वासातून लागतं. भाविका आठ दिवस माझ्या छातीवर झोपली. मी तोंड वळवून खोकायचे, तेवढीच माझी अक्कल. पत्र वाचलंस की तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. तुझीही तपासणी कर. काही निघालं नाय तरी लहानग्यांना आधीच द्यायचं औषध असतं, ते माग. माझं नाव सांग, लाजू नको.

दुपारी कधी ती दिसते मला, मिठागरावर रांगताना. हाक मारत नाय मी.

तुझी, लांबूनच बघणारी,
धोंडुआजी

अंगठ्याखाली जागा उरली म्हणून सांगते. कडवे वाल पाठव. राग आला असेल तर कोरडेच पाठव, भिजवीन नि सोलीन मी. नसेल तर बिरडं करून पाठव, खोबऱ्याला हात आखडू नको.